ऑटोपेचा रतीब कसा बंद करायचा

माझ्या काकांनी जुनी नाटकं बघायला एका ॲपवर एक रुपया भरला. सात दिवसांची ट्रायल. पहिला अंक कसाबसा बघितला, आवाज नीट येईना, म्हणून ॲप उडवून मोकळे झाले. तीन महिन्यांनी पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं, दर महिन्याच्या दहा तारखेला २९९ रुपये जातायत.

"अरे, ॲप तर मी कधीच काढून टाकलं!"

"काका, दुधाची पिशवी दाराबाहेर लावायची बंद केली म्हणून रतीब बंद होतो का? दूधवाल्याला सांगावं लागतं ना?"

ऑनलाइन सदस्यत्वाचं नेमकं तसंच आहे, फक्त इथे सांगायचं दोघांना. एक कंपनी, जिच्याशी तुमचं सदस्यत्व आहे. दुसरी तुमची बँक, जिला तुम्ही 'यांनी मागितले की दे' अशी कायमची परवानगी देऊन ठेवलेली असते. या परवानगीला मँडेट म्हणतात, आणि तिच्या जोरावर पैसे आपोआप कापले जातात ते ऑटोपे. नव्याने यात पडलेले लोक दोहोंपैकी एकच काहीतरी बंद करतात आणि मग डोकं धरून बसतात. मँडेट तोडलं पण सदस्यत्व चालू राहिलं, तर कंपनी थकबाकीचे मेसेज पाठवत राहते. सदस्यत्व रद्द केलं पण मँडेट तसंच ठेवलं, तर कंपनीच्या 'चुकीने' पैसे पुन्हा जाऊ शकतात. दोन्ही बंद करायचं. आधी कंपनीकडे, मग बँकेत. पैसे उद्याच जाणार असतील तर मात्र क्रम उलटा: आधी मँडेट तोडा, बाकीचं सावकाश.

पहिली पायरी: पैसे कोणत्या वाटेने जातात ते शोधा

बँकेचं स्टेटमेंट काढा. तिथे ॲपचं नाव दिसेलच असं नाही. बऱ्याचदा मधल्या पेमेंट कंपनीचं किंवा मूळ कंपनीचं कुठलंसं प्रायव्हेट लिमिटेड नाव असतं. रक्कम आणि तारीख जुळवून ओळखायचं.

वाटा साधारण चार. यूपीआय ऑटोपे, डेबिट किंवा क्रेडिट कार्ड, गूगल प्ले किंवा ॲपलचं खातं, आणि मोबाइलचा बॅलन्स. चौथी वाट लोक विसरतात. कॉलर ट्यून, भविष्य, क्रिकेटचे अपडेट असल्या सेवा बॅलन्समधून पैसे खातात. त्या बंद करायला १५५२२३ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

टीव्ही रिचार्जच्या किंवा मोबाइल प्लॅनच्या पॅकमध्ये एखादं ओटीटी आलेलं असेल, तर ते त्या पॅकमधूनच निघतं. ओटीटीच्या साइटवर कितीही शोधलंत तरी तिथे बटण सापडणार नाही.

दुसरी पायरी: कंपनीकडे रद्द करा, आणि शेवटच्या स्क्रीनपर्यंत जा

ॲप अँड्रॉइडवरून घेतलं असेल आणि पैसे गूगल प्लेमार्फत जात असतील, तर प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या चित्रावर टॅप करा. तिथे 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' आणि त्यात 'सबस्क्रिप्शन्स'. आयफोनवर सेटिंग्ज, मग सगळ्यात वर तुमचं नाव, मग सबस्क्रिप्शन्स. फोनमध्ये दोन जीमेल खाती असतील तर दोन्ही बघा. निम्म्या घरांत सदस्यत्व मुलाच्या खात्यावर असतं आणि बाबा आपल्या खात्यात शोधत बसतात.

पैसे थेट कंपनीला जात असतील तर तिच्या वेबसाइटवर किंवा ॲपमध्ये 'अकाउंट', 'मेंबरशिप', 'बिलिंग' असल्या नावांखाली बघा. ॲपमध्ये सापडलं नाही तर ब्राउझरमध्ये लॉगिन करून बघा, तिथे कधीकधी असतं.

बटण सापडलं की खरी करमणूक सुरू होते. 'खरंच जाताय?' 'इतक्या सवलती सोडणार?' 'थांबा, पुढचे तीन महिने निम्म्या किमतीत!' एकेका स्क्रीनवर मोठं, रंगीत बटण 'राहतो'चं असतं आणि खाली करड्या, बारीक अक्षरांत 'तरीही रद्द करा'. बारीक अक्षरांचंच दाबत जायचं. 'पॉझ' म्हणजे रद्द नव्हे, महिन्या-दोन महिन्यांनी ते आपोआप सुरू होतं. निम्म्या किमतीची ऑफर घेतलीत तर नव्याने सदस्य झालात, हे धरून चाला. शेवटी 'तुमचं सदस्यत्व अमुक तारखेला संपेल' असं वाक्य दिसलं पाहिजे आणि तसा मेल आला पाहिजे. हे वाक्य दिसेपर्यंत काहीही रद्द झालेलं नाही.

त्या तारखेपर्यंत सेवा बहुधा चालू राहते. म्हणून रद्द करायला शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. मी तर ट्रायल घेतली की त्याच बैठकीत रद्द करून टाकतो, बहुतेक ठिकाणी उरलेले दिवस तरीही मिळतात.

तिसरी पायरी: मँडेट तोडा

यूपीआयचं सगळ्यात सोपं. ज्या ॲपवरून परवानगी दिली ते उघडा: फोनपे, गूगल पे, पेटीएम, भीम, जे असेल ते. प्रोफाइलमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' नावाचा भाग असतो. चालू असलेली यादी येते. नको ते निवडा, 'कॅन्सल' किंवा 'रिव्होक' म्हणा, यूपीआय पिन टाका. एका ॲपवर दिलेली परवानगी दुसऱ्या ॲपच्या यादीत दिसली नाही तर गोंधळू नका. वर्षभरापूर्वी वापरत असलेलं आणि आता धूळ खात पडलेलं ॲपही उघडून बघा. काकांचं मँडेट असंच एका विसरलेल्या ॲपमध्ये बसलं होतं.

कार्डाच्या बाबतीत बँकेच्या ॲपवर किंवा नेटबँकिंगमध्ये कार्डांच्या भागात 'ई-मँडेट' किंवा 'स्टँडिंग इन्स्ट्रक्शन' शोधा. तिथून ओटीपी देऊन परवानगी काढता येते. परदेशी साइटला कार्ड दिलं असेल तर आणखी एक करा: बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर बंद करून ठेवा. लागेल तेव्हा चालू करता येतो.

यादीत कर्जाचा हप्ता, विम्याचा प्रीमियम, एसआयपी हेही दिसेल. त्यांना हात लावू नका. उत्साहाच्या भरात विमा पॉलिसीचं मँडेट उडवणारे लोक मी पाहिलेत.

इथे रिझर्व्ह बँकेचा नियम तुमच्या बाजूने भक्कम आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो कार्डांसाठी आला, पुढे यूपीआयला लागू झाला, आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून बँकांना तो पाळावाच लागतो. मँडेट देताना तुमची पडताळणी झाली पाहिजे. प्रत्येक वेळी पैसे कापण्याआधी किमान २४ तास बँकेने तुम्हाला कळवलं पाहिजे: कोण कापणार, किती, कधी, कशासाठी. तो एक व्यवहार किंवा अख्खं मँडेट तिथेच नाकारायची सोय पाहिजे. या सोयीसाठी बँकेने तुमच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. नेहमीच्या सदस्यत्वांसाठी ओटीपीशिवाय कापायची मर्यादा जून २०२२ पासून १५,००० रुपये आहे. त्यावरच्या रकमेला दर वेळी तुमची मंजुरी लागते.

म्हणजे काकांना मेसेज आला होता का? आला होता. आम्ही दोघांनी मिळून शोधला, न वाचलेल्या दोन हजार मेसेजांच्या ढिगातून. मजकूर असा काहीसा: 'दि. १० रोजी रु. २९९.०० आपल्या खात्यातून यूपीआय ऑटोपेद्वारे वळते होतील. यूएमएन अमुक.' वर एक लोनची जाहिरात, खाली एक लोनची जाहिरात, मधोमध हा.

"बँकेचे मेसेज कोण वाचतं?" काका म्हणाले. खरं तर बँकांनीच आपल्याला ही सवय लावली आहे. 'यूएमएन' हा मँडेटचा क्रमांक. तो टिपून ठेवा, बँकेशी बोलताना उपयोगी पडतो.

चौथी पायरी: पुरावा आत्ताच गोळा करा

हे काम लोक शेवटी करतात आणि तोवर कंपनीने ॲपचं रूप बदललेलं असतं. ट्रायल घेतानाचा स्क्रीन मिळाला तर उत्तम. रद्द करायला निघाल्यावर फोनचं स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करा आणि पहिल्या टॅपपासून शेवटपर्यंत रेकॉर्ड करा. काकांचं ॲप आम्ही पुन्हा टाकलं. रद्द करायचा पर्याय 'हेल्प'मध्ये, त्यात 'इतर प्रश्न'मध्ये, आणि तिथेही चॅटबॉटला विचारल्यावर. साडेचार मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं. पुढे तेवढ्यावरच आमचं काम भागलं. बाकी स्टेटमेंटमधल्या नोंदी, प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराची बँकेतली ओळख), आलेले मेल, आणि कस्टमर केअरला फोन केलात तर तारीख, वेळ व तक्रार क्रमांक.

कायदा काय म्हणतो

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. तो जुलै २०२० मध्ये लागू झाला. त्यात सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन्हींबद्दल दाद मागता येते. फुकट सेवा या कायद्यात बसत नाही, पण पैसे भरले, मग तो एक रुपया का असेना, की तुम्ही ग्राहक. धंद्यासाठी घेतलेलं सदस्यत्व मात्र बाहेर राहतं. स्वतःच्या पोटापाण्यासाठी एकट्याने काम करणाऱ्याला तिथे सवलत आहे.

त्याच महिन्यात आलेल्या ई-कॉमर्स नियमांत दोन कामाच्या गोष्टी आहेत. तुमची संमती तुम्ही स्वतः स्पष्टपणे द्यायची असते. आधीच टिक करून ठेवलेला चौकोन ही संमती नव्हे. आणि कंपनीने तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर दाखवायचा, त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची.

मग ३० नोव्हेंबर २०२३ ची डार्क पॅटर्नविषयीची मार्गदर्शक तत्त्वं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ प्रकारच्या फसव्या मांडण्यांची यादी केली आणि त्या वापरायला मनाई केली. यातला 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' म्हणजे आपला विषय: रद्द करणं अशक्य किंवा लांबलचक करून ठेवणं, रद्द करायचा पर्याय लपवणं, त्याच्या सूचना गोंधळात टाकणाऱ्या ठेवणं, आणि फुकट ट्रायलसाठीही पैसे कापायची परवानगी मागणं. शेवटचं पुन्हा वाचा. तुमच्या फोनमधल्या किती ॲपांनी ते केलं असेल! यादीतला आणखी एक प्रकार ट्रायल संपून गुपचूप पैसे सुरू होण्याबद्दल आहे, आणि 'इतकी चांगली संधी सोडणार?' असं म्हणून लाजवण्यालाही वेगळं नाव आहे. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितलं.

आता न आवडणारी बाजू. 'चौदा दिवसांत विचार बदलला, पैसे परत' असा सरसकट हक्क युरोपात असतो, आपल्याकडे ऑनलाइन सदस्यत्वाला नाही. वर्षाचे पैसे भरले आणि दुसऱ्या महिन्यात कंटाळा आला, तर उरलेले मिळतील की नाही हे कंपनीच्या अटींवर ठरतं. कंपनीने सगळं स्वच्छ सांगितलं, बँकेचा मेसेज आला आणि आपण विसरलो, तर आपली बाजू दुबळी. न कळवता कापले, रद्द केल्यावरही कापले, रद्द करू दिलं नाही, यांपैकी काही असेल तर बाजू भक्कम. तक्रार लिहायच्या आधी आपलं प्रकरण यातलं कोणतं हे स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा.

(जर्मनीतल्या मराठी मंडळींसाठी: तिथे जुलै २०२२ पासून वेबसाइटवर करार रद्द करायचं बटण ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. अमेरिकेत तसाच 'क्लिक टू कॅन्सल' नियम केंद्रीय पातळीवर होऊ घातला होता, तो जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने रद्द केला. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांचे आपले कायदे आहेत.)

पाचवी पायरी: तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल

कस्टमर केअरच्या चॅटवर भांडू नका. साइटच्या तळाशी 'ग्रीव्हन्स ऑफिसर' शोधा आणि त्यांना लिहा. रागाची विशेषणं नकोत, तारखा आणि आकडे हवेत. काकांच्या नावाने आम्ही पाठवलेला मजकूर, नावगाव काढून:

"माझा नोंदणीकृत मोबाइल क्रमांक अमुक. मी १ रुपया भरून सात दिवसांची ट्रायल घेतली. ट्रायल संपून पैसे सुरू होणार असल्याचं तुमच्याकडून कळवण्यात आलं नाही. त्यानंतर सलग तीन महिने १० तारखेला २९९ रुपये, एकूण ८९७ रुपये कापले गेले. यूटीआर क्रमांक सोबत जोडले आहेत. ट्रायलनंतर मी ॲप वापरलेलं नाही, हे तुमच्या नोंदींत दिसेल. सदस्यत्व रद्द करायचा पर्याय शोधायला साडेचार मिनिटं लागली, त्याचं रेकॉर्डिंग जोडलं आहे. हा प्रकार २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांतल्या सबस्क्रिप्शन ट्रॅपमध्ये मोडतो. सदस्यत्व रद्द झाल्याचं लेखी कळवावं, ८९७ रुपये त्याच खात्यात परत करावेत आणि तक्रारीचा क्रमांक ४८ तासांत द्यावा."

बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. कायद्याचं नाव दिसलं की चॅटबॉट जातो आणि माणूस येतो.

सहावी पायरी: १९१५

उत्तर नाही आलं किंवा गुळमुळीत आलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. क्रमांक १९१५, सकाळी आठ ते रात्री आठ, मराठीतही बोलता येतं. व्हॉट्सॲपवर ८८००००१९१५. त्यांच्या पोर्टलवरून किंवा उमंग ॲपवरूनही तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइन निकाल देत नाही. ती तुमची तक्रार कंपनीपुढे ठेवते आणि पाठपुरावा करते. खर्च शून्य. 'आधी अधिकाऱ्याला लिहिलं, उत्तर आलं नाही' हे दाखवता आलं की वजन वाढतं.

चूक बँकेची असेल, म्हणजे मेसेजच आला नाही किंवा मँडेट तोडल्यावरही पैसे गेले, तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तेही ऑनलाइन आणि विनाशुल्क. माहितीसाठी १४४४८. आणि तुम्ही मँडेट दिलेलंच नसेल तर ती फसवणूक आहे. तेव्हा ही वाट सोडून लगेच बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, म्हणजे १९३० ला, फोन करा, तीन दिवस जाऊ देऊ नका.

सातवी पायरी: ग्राहक आयोग

इथवर येईपर्यंत २९९ रुपयांसाठी माणूस थकतो, आणि कंपन्यांचं गणितही त्यावरच चालतं. पण वर्षाचे आठ-दहा हजार गेले असतील, एखाद्या ऑनलाइन क्लासचे तीस-चाळीस हजार अडकले असतील, तर जरूर जा.

तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. अटींमध्ये 'वाद फक्त बंगळुरूच्या न्यायालयात' असं लिहिलेलं वाचून घाबरू नका. लवादाच्या अटीमुळेही (वाद कोर्टाबाहेर, नेमलेल्या पंचापुढेच सोडवायचा, या अटीमुळेही) ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. वकील सक्तीचा नाही. जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते: तक्रार, प्रतिज्ञापत्र, पुरावे, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार. सुनावणी व्हिडिओवरूनही मागता येते. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा लिहिली आहे, प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चाला. मागणी लिहिताना मूळ रकमेसोबत व्याज, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्चही मागा. मागितलं नाही तर मिळणार कुठून? मसुदा जमत नसेल तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मार्गदर्शन करतात, १९७५ पासून त्यांचं हे काम चालू आहे.

काकांना आयोगापर्यंत जावं लागलं नाही. मेलला अकराव्या दिवशी उत्तर आलं: शेवटच्या दोन महिन्यांचे ५९८ रुपये परत, पहिल्या महिन्याचे 'पॉलिसीनुसार' नाहीत. १९१५ ला फोन करूया म्हटलं, तर ते म्हणाले, "जाऊ दे रे, पहिला अंक बघितला होता मी." हल्ली मात्र ते बँकेचा प्रत्येक मेसेज वाचतात. वाचतात आणि मला फॉरवर्ड करतात, लोनच्या जाहिरातींसकट.